सोमवारपर्यंतची ठेव

मैदानावर सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटायची, असं मला विचारतात तेव्हा लोकांना वाटतं, मी एखाद्या सहा फुटी फुलबॅकचं नाव घेईन. तसं काही नाही. मला भीती वाटली ती दिनू कांबळेच्या हाताची. दिनूने तो माझ्यावर कधी उगारला नाही, उगारणाऱ्यातला तो नव्हेच. तो हात जमिनीवर ठेवायचा आणि मी त्या हाताला खेटून जीव खाऊन स्टिक हाणायचो. यातच माझी सगळी कारकीर्द आली.

मी हॉकीवाला. आमच्या विक्रोळीच्या चाळीत सगळी कोकणातली माणसं, त्यांना हा खेळ म्हणजे खूळच वाटायचं. माझे काका तर स्टिक बघितली की सुरू व्हायचे, "ह्या काय काठ्यो घेऊन फिरतंस? गुरां राखूक जातंस काय?" पण मला मिशनच्या शाळेत टाकलेला. तिथे मधल्या सुट्टीत दूध फुकट आणि शाळा सुटल्यावर हॉकी फुकट. दुधाने काही झालं नाही, हॉकी मात्र अंगाला लागली. एका स्पर्धेत मी बरेच गोल मारले आणि ते मुलुंडच्या एका कंपनीच्या माणसाने बघितले. कंपनीचं नाव लिहीत नाही. आता तिथे टॉवर उभा आहे आणि त्याला कुठल्यातरी इंग्रजी फुलाचं नाव दिलंय.

कंपनीचा संघ म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. ऐंशीच्या दशकात बऱ्याच कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या. सकाळी कार्ड पंच करायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम, मग मैदान. कामगार शिफ्ट संपेपर्यंत मशीनवर आणि आम्ही दुपारीच पिशव्या घेऊन गेटबाहेर. लोकांच्या डोळ्यांवर येणारच की. आमच्या खात्याचे फोरमन दामले मला बघितलं की उठून खुर्ची पुसायचं नाटक करायचे. "या जावईबापू! आज किती मारणार?" मी म्हणायचो, "बघू साहेब." आणि ज्या दिवशी मारायचो नाही त्याच्या दुसऱ्या सकाळी दामले खुर्ची पुसायचे नाहीत, नुसते बघायचे. ते बघणं खुर्ची पुसण्यापेक्षा वाईट होतं. गोल मारणाऱ्याचं हेच असतं. मागचे सगळे गोल मागच्या आठवड्याबरोबर जातात आणि सोमवारी तुम्ही पुन्हा भिकारी.

माझे बहुतेक गोल शॉर्ट कॉर्नरचे. समोरच्या संघाने आपल्या गोलासमोरच्या अर्धगोलात, म्हणजे आमच्या भाषेत 'डी'मध्ये, चूक केली की शॉर्ट कॉर्नर मिळतो. आपला एक गडी गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो. डीच्या कडेवर दुसरा गडी वाकून तो हाताने थांबवतो. आमच्याकडच्या स्पर्धांत तेव्हा अजून हाताने थांबवायची मुभा होती. आणि तिसरा धावत येऊन मारतो. तिसरा म्हणजे मी. तोवर समोरचे चार जण गोलातून सुटलेले असतात, त्यामुळे सगळा खेळ शिंक येऊन जाईल एवढ्या वेळाचा.

थांबवणारा म्हणजे दिनू. बाकीच्या संघांतले थांबवणारे चेंडूवर हात मारायचे आणि पटकन काढून घ्यायचे. शहाणी माणसं होती. पण आमची मैदानं म्हणजे मैदानं कसली, आज हॉकी, उद्या लग्नाचा मांडव, परवा कुणाची तरी सभा. खुंटांची भोकं जागोजाग. हात काढला की चेंडू अर्धा वळसा घेऊन भोकाकडे निघालाच. म्हणून दिनूने स्वतःची रीत काढली होती. तो चेंडू दाबायचा आणि दोन बोटं त्याच्या डोक्यावर तशीच ठेवायचा. माझी स्टिक खाली येताना तिचा वारा हाताला लागला की मग उचलायचा. मी त्याला पहिल्यांदा म्हटलं, "येडा झालायस काय रे? उद्या उशीर झाला तर?" तर म्हणतो, "वारा आधी येतो ना. तू बिनधास्त मार."

मी मारत गेलो. चेंडू गोलाच्या मागच्या फळीवर बसला की 'ठाप' असा आवाज व्हायचा, त्या आवाजासारखं सुख नाही. पेपरात बारीक अक्षरात यायचं, परब दोन गोल, परब तीन गोल. चेंडू कुणी थांबवला हे कुठलाच पेपर छापत नाही. दिनूला त्याचं काही नव्हतं. तो माझी कात्रणं मागून घ्यायचा आणि घाटकोपरच्या डोंगरावर, त्याच्या घरी पत्र्याला आतून चिकटवायचा. त्याची आई सांगायची, पत्रा गळतो तिथं तुझाच फोटो लावलाय बघ.

मी गोलांमुळे कायम झालो होतो. दिनू टेम्पररी. टूलरूममध्ये हेल्पर, सात-आठ महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा घ्यायचे. आयटीआय झालेला, हात सोन्याचा, पण हेल्पर. वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच, त्यामुळे घर याच्यावर. त्या वर्षी टूलरूममध्ये फिटरची एक कायम जागा निघाली. त्यासाठी टेस्ट. लोखंडाचे दोन तुकडे देतात, कानशीने घासून एकाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसेल असा आकार द्यायचा. बसवून दिव्यासमोर धरतात. फटीतून उजेड दिसला की घरी जा. हे काम डोळ्यांचं कमी आणि बोटांचं जास्त. घासलेल्या कडेवरून बोट फिरवून कळावं लागतं की अजून केसभर घ्यायचंय.

टेस्टची तारीख लागली, सोमवार. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, अंधेरीला आमची फायनल.

इथवरही काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते फायनलच्या दोन आठवडे आधी, सरावात. रोजच्यासारखा दिनू वाकला, रोजच्यासारखा मी धावत आलो, मारलं, ठाप झालं. पण ठापच्या आधी मला स्टिकमध्ये काहीतरी बारीक लागल्यासारखं वाटलं. बघतो तर दिनू मधलं बोट तोंडात धरून बसलेला. स्टिक नखावरून गेली होती. बोट मोडलं नव्हतं, नख काळंनिळं झालं. तो हसत होता, "काय नाय रे, वारा जरा उशिरा आला." फडकं बांधलं आणि म्हणाला, चल पुढचा.

पुढचा मी मैदानाबाहेर मारला. त्याच्या पुढचाही.

त्या दिवसापासून माझी वाट लागली. धावत यायला लागलो की मला चेंडू दिसेनाच. दिसायची ती चेंडूवरची दोन बोटं. जेवताना भाताचा घास कालवला तरी बोटंच दिसायची. एकदा मी एकटाच मैदानावर गेलो, चेंडू ठेवला, शेजारी हाताच्या जागी माझी चप्पल ठेवली आणि म्हटलं बघू तरी. धावत आलो आणि हाणली. चेंडू जागेवर राहिला आणि चप्पल उडून गेली. हसायची गोष्ट आहे, पण मी तिथेच मटकन खाली बसलो. घरी आईने कोलंबीचं सार केलं होतं, मी ताट सरकवलं. आमच्या घरात कोलंबीचं ताट सरकवणारा माणूस आजारीच समजतात.

सेमीफायनल आम्ही कसेबसे जिंकलो, माझा गोल नव्हता. पर्सोनेलचे साठे साहेब मैदानावर आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, "परब, वरून विचारणा होतेय, हा संघ पोसायचा कशाला. कप आला तर मी काहीतरी बोलू शकेन." म्हणजे कप नाही तर संघ नाही. मी मान हलवली. पण खरं सांगतो, साठे बोलत असताना मी दिनूकडे बघत होतो. तो दुसऱ्या टोकाला फडकं सोडून नख तपासत होता.

मी आमचे प्रशिक्षक पिंटो सर यांच्याकडे गेलो. वसईचे, जाडजूड माणूस, राग आला की तीन-तीन भाषा एकदम बोलायचे. म्हटलं, "सर, फायनलला शॉर्ट कॉर्नर दुसऱ्या कुणाला द्या."

"कुणाला? माझ्या बायकोला देऊ?"

"सर, मला त्याचा हात दिसतो."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "हात मत देख. बॉल देख. हात तो देखेगा."

मग मी दिनूलाच गाठलं. "तू या वेळी स्टिकने थांबव. नाहीतर हात लवकर काढ. सोमवारी टेस्ट आहे तुझी."

तो माझ्यावर उखडला. "स्टिकने थांबवून त्या मैदानावर चेंडू थांबतो काय? आणि हात काढला तर तू मारणार कुठे, स्टेशनवर? तू तुझं काम कर ना. माझ्या हाताची काळजी मला आहे."

"मला जास्त आहे," मी म्हटलं.

"मग ती घरी ठेवून ये रविवारी."

कसली घरी राहतेय! शुक्रवारी संध्याकाळी दिनूची आई माझ्या दारात. घाटकोपरहून विक्रोळीला शोधत शोधत आली होती. साताऱ्याकडची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू. माझ्या आईने चहा टाकला. ही चहाला हात लावेना. नखाचं तिला कळलं होतं. दिनूने दारात अडकलं म्हणून सांगितलेलं, पण आईला काय कळत नाही?

"लेकरा," ती मला म्हणाली, "म्या त्याला खेळू नको म्हनत न्हाई. खेळामुळं तर कंपनीत लागला. पर सोमवारचं झालं तर आमचं आयुष्य मार्गी लागंल. सोमवारपतुर त्याचा हात तुझ्याकडं ठेव म्हनून ठिवलाय बघ. दुसरं काय म्हनत न्हाई म्या."

मी "होय आई" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती गेल्यावर आमची आई लाडूंकडे बघत म्हणाली, "बाबा रे, ह्यो खेळ तुमचो, आणि जीव आमचो जाता." ते लाडू मला दोन दिवस गिळवले नाहीत.

रविवारी अंधेरीच्या मैदानावर आलो तर आदल्या आठवड्यातल्या मांडवाची भोकं तशीच. माळी त्यात माती भरत होता आणि पायाने दाबत होता, ओली माती, दाबली की बाजूने वर यायची. समोर एका बँकेचा संघ. त्यांचा गोलकीपर हरबन्स म्हणून सरदारजी होता. खेळापेक्षा बोलण्यात पटाईत, सगळा वेळ तोंड चालू. आमची ओळख वर्षानुवर्षांची. मी कॉर्नरला उभा राहिलो की माझ्या तब्येतीची, लग्नाची चौकशी करायचा. पण माणूस वाईट नव्हता, एकदा माझा गुडघा सुजला तेव्हा स्वतः बर्फ आणून लावलेला. नखाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. पहिला कॉर्नर मिळाला आणि तो गोलातून ओरडला, "ओय परब! आज उंगली तोडेगा या गोल मारेगा?"

त्याने गंमत केली. मला मात्र पुन्हा ती दोन बोटं दिसायला लागली. मी उशिरा पोचलो, दिनू हात दाबून तसाच बसून राहिलेला, आणि मी मारलंच नाही, बाजूला ढकलला. मैदानाबाहेरून आमच्याच कंपनीच्या लोकांचा ओरडा, "काय रे परब, झोपलास काय!" त्यात दामलेंचा आवाज मला स्पष्ट ओळखू आला. दिनूने माझ्याकडे बघून चेंडूकडे बोट दाखवलं, इकडे बघ म्हणून.

एक-एक बरोबरी झाली. आमचा गोल आमच्या लेफ्ट इनने मारला, माझा नव्हे. वेळ संपत आली आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. पंचाने हात दाखवला. साठे उभे राहिलेले. दिनू त्याच्या जागेवर गेला, वाकला, जमीन हाताने पुसली. मी मनात म्हटलं, आई, आज जे होईल ते. आणि ठरवलं, चेंडूच बघायचा. फक्त चेंडू.

चेंडू आला. एका खळग्यावरून उडी मारून आला, पण दिनूच्या तळव्याखाली असा मेला की वा! मी सुटलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला नुसता चेंडू दिसत होता. पांढरा, स्वच्छ. स्टिक वर गेली, खाली यायला लागली, आणि मला कळलं की चेंडू इतका स्वच्छ का दिसतोय. त्याच्यावर बोटं नव्हती.

दिनूने हात आधीच काढला होता. वारा लागायच्या आधी, खूप आधी.

चेंडूने अर्धा वळसा घेतला, त्या ओल्या मातीकडे. माझी स्टिक त्याच्या डोक्यावर बसली. चेंडू टप्पे खात गेला आणि गोलाच्या खांबाबाहेरून निघून गेला. सगळ्या मैदानाने एकदम "अरेरे" केलं. मी वळून बघितलं तर दिनू गुडघ्यांवर बसलेला, छातीशी हात धरून, जणू तो हात त्याने कुणाचा तरी चोरून आणला होता. माझ्याकडे बघेना.

आणि मला काय वाटलं? राग आला. आला ना, खोटं कशाला बोलू. पण त्या रागाच्या खालून पोटातली दोन आठवड्यांची गाठ अशी सैल सुटली की मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं. पाचही बोटं जागेवर होती. मी त्याच्याजवळ गेलो आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सॉरी यार, उशीर झाला मला."

जादा वेळेत बँकेने गोल केला. कप त्यांचा. हरबन्स येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला, पहिल्यांदाच एक शब्द न बोलता. पिंटो सरांनी माझ्याकडे बघितलं, मग दिनूकडे, आणि सिगरेट पेटवली. त्यांना कळलं असावं. विचारलं मात्र नाही.

सोमवारी मी काही ना काही निमित्त काढून टूलरूमच्या काचेसमोरून जात राहिलो. दिनू वाइसमध्ये आवळलेल्या तुकड्यावर वाकून घासत होता. थांबायचा, कडेवरून बोट फिरवायचा, पुन्हा घासायचा. दुपारी त्यांनी तुकडे जोडून दिव्यासमोर धरले. मी काचेला नाक लावून उभा. फिटरांचा साहेब बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने तुकडे दिनूच्या हातात देऊन त्याचा खांदा दाबला. मला आतलं काही ऐकू येत नव्हतं, पण तेवढं पुरलं. मी आमच्या खात्यात परत आलो. दामले म्हणाले, "जावईबापू, आता दिवसभर काम करायची सवय लावा." त्यांचं बरोबरच होतं. संघ मोडला. मला डिस्पॅचला टाकलं आणि निवृत्त होईपर्यंत मी खोकी रवाना करत राहिलो.

कंपनीत माझे गोल कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. तो एक हुकलेला मात्र राहिला. कँटीनमध्ये कुणाच्या हातून चमचा पडला तरी आवाज यायचा, "परब, गेला रे बाहेर!" मीही हसायचो. कधी कधी दिनू त्याच टेबलावर असायचा. तो हसायचा नाही. ताट उचलून जायचा. आमची मैत्री होती, लग्नाबारशाला येणंजाणं होतं, त्याच्या आईच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात बसलो. पण त्या कॉर्नरबद्दल आम्ही एकमेकांशी कधी एक अक्षर काढलं नाही.

यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, परब, तुमच्या गोलांवर लिहा. मी म्हटलं, गोलांवर काय लिहू, सगळे सारखेच असतात. मग हे लिहायचं ठरवलं आणि आधी दिनूला विचारायला मुलुंडला त्याच्या घरी गेलो. तोही निवृत्त. पक्कं घर, पोरगी नोकरीला. मी विषय काढला तसा तो जमिनीकडे बघायला लागला.

"त्या दिवशी मी हात लवकर काढला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत आहे?" त्याने एकदम वर बघितलं. "कधीपासून?"

"स्टिक खाली यायच्या आधीपासून."

"मग इतकी वर्षं ती लोकांची थट्टा सहन कशाला केलीस रे? एकदा तरी बोलायचंस. मला शिव्या तरी द्यायच्यास!" त्याचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "मी घाबरलो होतो, सुऱ्या. तुला बिनधास्त मार म्हणालो आणि स्वतःच घाबरलो. तू पहिल्यांदा नीट धावत आलास आणि मला सोमवार दिसला."

मग मी त्याला त्याची आई शुक्रवारी माझ्याकडे आली होती ते सांगितलं. लाडूंसकट सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. वहिनींनी सरबत आणलं, ते तसंच राहिलं.

"लिही," शेवटी तो म्हणाला. "पण खरं लिही, माझं नाव घालून."

मी उठलो. हल्ली गुडघ्यामुळे काठी लागते, ती उचलली. तसा दिनूला काय झालं कोण जाणे, त्याने ओट्यावरचं एक लिंबू घेतलं, कुरकुरत खाली वाकला, लिंबू फरशीवर ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर दोन बोटं टेकवली. अगदी तशीच.

"मार," तो म्हणाला. "या वेळी नाही काढणार."

वहिनी आतून ओरडल्या, "अहो, काय चाललंय काय तुमचं या वयात!" मी बघत होतो. मधल्या बोटाचं नख अजून जरा वाकडंच उगवतं.

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि त्याला उठायला हात दिला.

"अजून घाबरतोस काय रे?" दिनू म्हणाला.

घाबरतो ना. हाताची ती ठेव परत घ्यायला त्याची म्हातारी आलीच नाही.